चाकावरच्या खोलीत पाणी मुरतंय? आधी पाण्याची वाट शोधा



घर गळणं आपल्याला नवं नाही. कौल सरकलं की टपटप सुरू होते. खाली भगुलं ठेवायचं, उघडीप मिळाली की शिडी लावून कौल सारखं करायचं, झालं. घराचं गळणं दिसतं आणि ऐकूही येतं. पण दारात उभी केलेली चाकावरची खोली गळायला लागली, तर ती सांगत नाही. बाहेरचा पत्रा आणि आतला प्लाय यांच्या सांदीत पाणी गुपचूप मुरत राहतं. कळतं तेव्हा माणसाचा पाय फळीतून खाली गेलेला असतो.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असं काही जण म्हणतील. सांगतो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० साली आलं आणि कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ साली. आपल्या सातारा जिल्ह्यात कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर या बाजूला पाहुण्यांना शेतावर उतरवून चार पैसे मिळवणारी कुटुंबं आहेत. पक्की खोली बांधायची तर खर्च मोठा, जागेच्या परवानग्या वेगळ्या. म्हणून कोणी जीपमागे ओढायची, आत बिछाना-ओटा असलेली जुनी कॅरॅव्हॅन घेऊन शेताच्या कडेला उभी करतं. गावात तिला सरळ ‘डबा’ म्हणतात. आपणही इथे डबाच म्हणू.

आता आपल्या जिल्ह्याचा पाऊस बघा. माण तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तर महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. माणमध्ये जो डबा दहा वर्षं टिकेल, तोच घाटमाथ्यावर दोन पावसाळ्यांत कुजू शकतो. आणि कासची फुलं बघायला माणसं येतात ती श्रावण-भाद्रपदात, म्हणजे ऐन ओलाव्याच्या दिवसांत.

माझी चूक आधी सांगतो

जावळीकडच्या एका जोडप्याने असा डबा घेतला. दोन म्हशी विकल्या, थोडे पैसे सोसायटीतून उचलले. पहिल्या श्रावणात मी भाताची पाहणी करायला गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, “साहेब, डब्यात आतनं कोंदट वास येतोय बघा. बुरा आल्यागत.” दादा म्हणाले, “गळत तर कुठंच न्हाई. पाण्याचा थेंब दिसत न्हाई आत.”

मी आत डोकावलो. दाराजवळच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तपकिरी डाग होता. मी कृषी पदविका घेतलेला माणूस, सुतार नव्हे. पण विचारलं की साहेबाने काही तरी सांगितलंच पाहिजे, अशी आपल्याकडे रीत. मी सांगून टाकलं, “वरून चांगली जाड ताडपत्री टाका आणि दोरीने घट्ट आवळा.”

त्यांनी तसंच केलं. छतापासून निम्म्या खिडक्यांपर्यंत ताडपत्री आवळली. भाद्रपदात पाहुणे येऊन राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई दारातून आत पाऊल टाकायला गेल्या आणि घोट्यापर्यंत पाय तळाच्या प्लायमधून खाली गेला. सुदैवाने खरचटण्यावर निभावलं. पण पाहुणे गेले, पैसे परत द्यावे लागले आणि ऐन हंगामात डब्याला कुलूप लागलं.

ताडपत्रीने काय केलं? आत मुरलेलं पाणी आतच कोंडलं. वाऱ्याने ती फडफडून छतावरचं झरोक्याचं झाकण आणखी सैल झालं. पाहुण्यांचा श्वास आणि गॅसची वाफ बाहेर जायला वाटच राहिली नाही. रोग न ओळखता औषध फवारू नका, असं मी शेतकऱ्यांना बारा महिने सांगतो. इथे मीच ते केलं. त्यानंतर गावचा सुतार आणि साताऱ्याचा गाड्यांची बॉडी बांधणारा कारागीर यांच्यासोबत बसून जे शिकलो, ते पुढे देत आहे.

ओल तीन प्रकारची

डाग दिसला म्हणजे पाऊसच आत आला, असं धरू नका. ओल तीन वाटांनी येते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली पावसाची. छत आणि भिंतीचा सांधा, खिडकीची चौकट, छतावरचा झरोका, बाहेरचा दिवा, स्क्रूची भोकं, या जागा कच्च्या. या सांध्यांत भरलेला मसाला उन्हाने कडक होऊन तडकतो. शिवाय डबा रस्त्याने हिंदकळत आलेला असतो, त्यामुळे सांधे ढिले झालेले असतात. अशी ओल पावसाबरोबर वाढते.

दुसरी आतल्या नळाची. टाकीचा छोटा पंप असेल तर सगळे नळ बंद करून कान द्या. नळ बंद असताना पंप मधूनच आपोआप सुरू होत असेल, तर पाईपात कुठे तरी गळती आहे. ओट्याखाली आणि मोरीखाली हात फिरवून बघा.

तिसरी वाफेची. झोपलेला माणूस रात्रभरात श्वास आणि घामावाटे अंदाजे पाव लीटर पाणी हवेत सोडतो. एक किलो गॅस जळला की त्यातून सुमारे दीड लीटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. वर शिजणाऱ्या भाताची वाफ वेगळी. बंद डब्यात ही वाफ थंड पत्र्याला लागते आणि पाणी होऊन खाली उतरते. थंडीच्या सकाळी काचा घामेजलेल्या असतील आणि पाऊस नसतानाही गादीचा खालचा भाग ओला लागत असेल, तर ही वाफच समजा. यावर उपाय एकच, हवा खेळती ठेवणे. थंडी वाजते म्हणून झरोका चिंध्यांनी बुजवू नये. गॅस वापरायच्या डब्यात तर ते जिवावर बेतू शकतं.

डाग जिथे, भोक तिथे नव्हे

पानं पिवळी पडली तरी दोष कधी मुळाशी असतो, तसंच इथे आहे. पाणी छतातून शिरतं, आतल्या पट्टीवरून सरकत जातं आणि डबा ज्या बाजूला कललेला असेल त्या कोपऱ्यात उतरतं. जावळीच्या डब्यात डाग दाराशी होता, तर भोक मधोमध, छतावरच्या झरोक्याच्या चौकटीत. डबा दाराच्या बाजूला दोन बोटं कललेला होता, एवढंच कारण.

भोक शोधायची सोपी रीत अशी. उघडीप असलेल्या दिवशी एका माणसाने बॅटरी घेऊन आत बसावं. दुसऱ्याने बाहेरून बागेच्या पाईपने साधं पाणी सोडावं. फवारणीचा किंवा गाडी धुण्याचा जोरदार पंप वापरू नये. तो चांगल्या सांध्यातही पाणी घुसवतो आणि मग नसलेली भोकं सापडतात. सुरुवात खालून करावी. आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबावं. वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडे जातो आणि नेमकी जागा कळत नाही.

आणखी एक युक्ती आहे. खिडक्या-झरोके लावून घ्यायचे, एका फटीतून पंख्याने किंवा ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. जिथे फुगे येतात तिथे वाट आहे. ट्यूबचं पंक्चर आपण असंच काढतो की नाही?

वहिनींनी स्वतःहून एक गोष्ट केली, ती मला फार पटली. प्रत्येक डागाच्या कडेने त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली आणि तारीख घातली. आठ दिवसांनी डाग रेघेच्या बाहेर गेला तर गळती चालू आहे. आतच राहिला तर थांबली आहे. याला खर्च शून्य.

किती कुजलंय, ते कसं कळणार?

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. वरचा रंगीत सनमायका चकचकीत दिसतो आणि मागचं लाकूड भाकरीच्या भुग्यासारखं झालेलं असतं. अंगठ्याने दाबून बघा. दबलं की शंका घ्या. पेचकसाच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर आत पोकळ आहे. न दिसणाऱ्या जागी, म्हणजे कपाटात किंवा बाकाखाली, पेचकसाचं टोक टोचा. सहज आत गेलं तर लाकूड गेलेलं आहे. गंजलेले स्क्रू, फुगलेला सनमायका, अडकणारी दारं या खुणाही नोंदवून ठेवा.

लाकडाचा ओलावा मोजायचं दोन टोकांचं यंत्र मिळतं. धान्याचं यंत्र इथे चालत नाही. गहू-ज्वारी साठवताना ओलावा १२ टक्क्यांच्या पुढे नको, हे आपल्याला पाठ आहे. लाकडाला एवढी कडक मर्यादा नाही. साधारण १५ टक्क्यांपर्यंत चिंता नको. २० टक्क्यांच्या पुढे ओलावा टिकून राहिला, की लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं फावतं. हो, कुजणं म्हणजे बुरशीच. पिकावरच्या बुरशीसारखीच ही सजीव आहे आणि तिला ओल लागते. ओल तोडली की तिची वाढ थांबते. पण खाल्लेलं लाकूड परत येत नाही.

कामाचा क्रम चुकवू नका

क्रम असा: आधी पाण्याची वाट बंद, मग वाळवणं, मग कुजलेलं काढणं, शेवटी नवं बसवणं. पुष्कळ लोक शेवटून सुरुवात करतात. नवा प्लाय ठोकतात, वर सनमायका चिकटवतात आणि पुढच्या आर्द्रा नक्षत्रात पुन्हा तोच वास येतो.

वाट बंद करणे: हे काम नेहमी बाहेरून करावं. आतून मसाला लावला तर पाणी भिंतीतच कोंडतं. जुना तडकलेला मसाला खरवडून पूर्ण काढावा. त्याच्यावरच नवा थर देणं म्हणजे शेणावर सारवण. पृष्ठभाग स्पिरीटने पुसून कोरडा करावा. झरोका किंवा खिडकीची चौकट सोडवून तिच्याखाली ब्युटाईलची चिकट पट्टी घालावी, स्क्रू समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळावेत आणि कडेने पॉलियुरेथेनचा मसाला भरावा. साधा सिलिकॉन स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. पण त्यावर रंग धरत नाही आणि पुढे दुसरा मसालाही चिकटत नाही. एकदा लावला की काढताना हात दुखतात. म्हणून शक्यतो टाळावा.

वाळवणे: इथे घाई होते. घाटमाथ्यावर पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते, की छपराखाली ठेवलेल्या कोरड्या लाकडातही ओलावा विसाच्या आसपास येतो. मग खिडक्या उघडून भिजलेला डबा वाळणार कसा? पावसात फक्त वाट बंद करावी, गाद्या-पडदे बाहेर काढावेत, आतला खराब प्लाय उघडून ठेवावा आणि पंखा लावावा. खरं वाळवण हस्त संपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. भिंतीत भिजलेली काचलोकर असेल तर काढून टाकावी. थर्माकोल पुसून, वाळवून बघावा; काळा पडला असेल तर बदलावा. वाळवण्यासाठी आत कोळशाची शेगडी कदापि पेटवू नये. बंद जागेत तिचा धूर जीव घेतो.

कुजलेलं काढणे: मऊ भाग संपला तिथे थांबू नये, त्याच्या पुढे वीतभर चांगलं दिसणारं लाकूडही काढावं. बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. उरलेल्या लाकडाला बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स यांच्या मिश्रणाचं ५ ते ६ टक्क्यांचं द्रावण ब्रशने दोन-तीन हात द्यावं. बोरॉन तुमच्या ओळखीचाच आहे. सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून आपण तो फळबागेत वापरतो. लाकडात तो बुरशी आणि किडीला आळा घालतो. मात्र पाण्याने तो धुऊन जातो, म्हणून वाळल्यावर वर रंग हवाच. द्रावण मुलं आणि जनावरं यांच्यापासून लांब ठेवावं, हातमोजे वापरावेत. काळी बुरशी खरवडताना तोंडाला मास्क बांधावा, साबणाच्या पाण्याने ओली करून पुसावी. कोरडी झाडू नये. ती उडून छातीत जाते. दम्याच्या माणसाने हे काम करूच नये.

नवं बसवणे: तळासाठी आय.एस. ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्यावा. साधा व्यावसायिक प्लाय निम्म्यात मिळेल, पण तो पुन्हा फुगेल. प्लाय पाणी पितो तो कडेने. म्हणून कापलेली प्रत्येक कड आणि स्क्रूचं प्रत्येक भोक बसवण्याआधी रंगाने किंवा इपॉक्सीने बंद करावं. स्क्रू स्टेनलेसचे वापरावेत. तळाच्या खालच्या अंगालाही रंग द्यायला विसरू नये. चाकाचा चिखल तिथेच उडतो.

विजेचं आधी बघा

ओल्या भिंतीतून वायर गेलेली असते. कुठलंही काम सुरू करण्याआधी बाहेरून आलेली २३० व्होल्टची जोडणी काढून ठेवावी आणि बॅटरीची तारही सोडवावी. पाहुणे राहणाऱ्या डब्याला ३० मिलिॲम्पिअरचा गळती-रोधक स्विच आणि अर्थिंग असायलाच हवं. पत्र्याचा डबा, ओला पाय आणि उघडी वायर एकत्र आली, तर नुसत्या दुरुस्तीच्या खर्चावर भागत नाही.

ठेवायचा कसा?

डबा मऊ मातीत उभा करू नये. चाकं आणि टेकू फरशीवर किंवा विटांवर घ्यावेत. छतावर पाणी साचू नये म्हणून थोडा उतार द्यावा आणि तो झरोक्याकडे नसावा. खाली गवत वाढू देऊ नये, वारा फिरला पाहिजे. झाकायचं असेल तर वर पत्र्याचं छप्पर करावं, डब्याच्या छतापासून दोन फूट उंच आणि चारी बाजूंनी मोकळं. ताडपत्री अंगाला चिकटवून आवळू नये. हे आता मी अनुभवाने सांगतो.

रोहिणी नक्षत्र लागलं की शिडी लावून सगळे सांधे एकदा तपासावेत. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर आतून हात फिरवावा. पुढे दर आठवड्याला कपाटं उघडून वास घ्यावा. हस्त संपला की गाद्या, फळ्या, बाकांची झाकणं काढून आठ दिवस ऊन दाखवावं. बियाण्याची कणगी आपण अशीच सांभाळतो.

जुना डबा घेताना

शक्य असेल तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी बघायला जा. आत नवाकोरा रंग, नवं कार्पेट किंवा उदबत्तीचा दाट वास असेल तर जपून. बैल घेताना आपण दात बघतो, चालवून बघतो. इथे कपाटं उघडा, गाद्या उचला, कोपरे दाबा. एखादा कोपरा कुजलेला असेल तर दुरुस्त होतो. पण तळाची मुख्य चौकट आणि दोन-दोन भिंती गेल्या असतील, तर त्याची किंमत फक्त लोखंडी सांगाडा आणि चाकांची. त्यावर नवी बॉडी बांधायचा खर्च धरूनच भाव करा.

जावळीच्या दादांचा डबा वाचला. दिवाळीत चार दिवस आम्ही तो उघडला. दाराकडचा कोपरा, तळाची अडीच-तीन फूट फळी आणि एक उभी पट्टी गेली होती, बाकी सांगाडा टणक निघाला. त्या हंगामाची कमाई दुरुस्तीत गेली आणि सोसायटीचा एक हप्ता लांबला. मी माझ्या सल्ल्याबद्दल बोललो, तेव्हा दादा हसले. “साहेब, आमी बी ईचारलं न्हाई की ताडपत्री कशापायी.” वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “म्हशी परत येत न्हाईत साहेब.” ते बरोबरच होतं.

या श्रावणात मी पुन्हा गेलो होतो. कपाटाच्या आत पेन्सिलीची जुनी रेघ तशीच आहे, डाग तिच्या आत थांबला आहे. तुमच्या दारात असा डबा उभा असेल, तर हा अंक बाजूला ठेवून बॅटरी घ्या आणि बाकाखालचा कोपरा एकदा दाबून बघा.